मागे कोण आहे?

डावा हात वर, तळवा आमच्याकडे, चौकातल्या ट्रॅफिक हवालदारासारखा. उजव्या हाताची दोन बोटं कानावरच्या हेडफोनवर टेकलेली. डोळे मिटलेले. आणि मग अगदी दबक्या आवाजात प्रश्न, "थांबा. मागे कोण आहे?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खरोखरच मागे वळून पाहिलं. मागे पाण्याचं मशीन होतं.

"तुमच्या मागे नाही हो," डोळे न उघडता ते म्हणाले. "तिच्या मागे."

ती म्हणजे त्यांच्या कानात बोलणारी मुलगी. आमचं कामच तसं होतं. एका विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन आमच्या खराडीच्या ऑफिसातली मुलंमुली घ्यायची. ते सगळे रेकॉर्ड व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काही आम्ही ऐकायचो, मार्क द्यायचो. नमस्कार नीट झाला का, आवाजात हसू होतं का, शेवटी "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" हे ठरलेलं वाक्य म्हटलं का. मागे गोंगाट असला की मार्क कापायचे. या खात्याला क्वालिटी म्हणत. ते क्वालिटीतले सगळ्यात जुने, मी सगळ्यात नवी.

येरवड्यात ते आमच्याच गल्लीत राहायचे, विहाराच्या पलीकडच्या घरात. तिथे ते काका. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून कामाला जाताना विमाननगरचा चौक ओलांडला की त्यांचे सर व्हायचे. संध्याकाळी तोच चौक उलटा ओलांडला की पुन्हा काका.

मूळचे ते वर्ध्याकडचे. तरुणपणी पुण्यात आले ते एका कारखान्यात गिअरबॉक्स तपासायला. काचेच्या बंद खोलीत बसायचं आणि फिरत्या गिअरबॉक्सचा आवाज ऐकायचा. आत एखादा दात दुखावलेला असला की तो दिसण्याच्या आधी ऐकू येतो, असं ते सांगत. पुढे बाहेरच्या कंपन्या आल्या, त्यांची यंत्रं आली आणि कानाने तपासणाऱ्या माणसांना घरी बसवलं गेलं. वर्तमानपत्रं त्याला उदारीकरण म्हणत. आमच्या गल्लीत त्याला "काढलं" म्हणत.

मी पत्रकांवर वाढले. वडील विहाराच्या कट्ट्यावर बसून पत्रकांच्या घड्या घालायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसून अक्षरं लावायचे. मला वाचता आलेले पहिले दोन शब्द म्हणजे "जाहीर निषेध". त्यामुळे ऑफिसात जेवणाची सुट्टी कापली की मी पत्रक लिहायचे, शौचालयाला जायची वेळ मोजायला लागले की पत्रक लिहायचे. छापण्याआधी सरांना दाखवायचे. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, खिशातून पेन काढायचे आणि एकेक उद्गारचिन्ह खोडायचे.

"कमी करा हो ही. कान दुखतात."

साथ आली आणि कंपनीने सगळ्यांना घरी पाठवलं. साथ ओसरली, तरी परत बोलावलं नाही. खराडीतले मजले सोडून दिले. त्या मजल्यांचं भाडं आता आमची स्वयंपाकघरं भरतात, असं मी एका पत्रकात लिहिलं. सरांनी ते वाक्य ठेवलं. उद्गारचिन्ह तेवढं काढलं.

आमच्या घरी नेट धड चालायचं नाही, म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी बसायला लागले. एका टेबलाला आम्ही दोघं, दोघांच्या कानात परक्या माणसांचे आवाज. आणि आता त्या आवाजांच्या मागे घरं आली होती. कुकरच्या शिट्ट्या, भांडी, पाढे म्हणणारी पोरं, जिन्यात भांडणारे शेजारी. सर मार्क कापायचे, पण त्या घरांमध्ये रमायचे. मार्क सांगायला त्या मुलामुलींना फोन करावा लागे. तिथे त्यांची जीभ मोकळी सुटायची.

"आपण बोललात उत्तम. पण आपल्या पोपटाने ग्राहकाला दोनदा शिवी दिली. त्याला नोकरीवर घेतलंय का?"

पलीकडचा मुलगा हसायचा. काकू आतून म्हणायच्या, "स्वतःच्या घरात काय चाललंय ते ऐकू येत नाही, आणि लोकांचे पोपट ऐकतायत."

असंच एका दुपारी त्यांचा हात वर गेला. मी टाइप करायची थांबले. त्यांनी हेडफोन काढून माझ्यापुढे केला.

वैशालीचा कॉल होता. ती धायरीला राहायची, साथीनंतर घरूनच कामाला लागलेली. आमच्याकडची सगळ्यात चांगली बोलणारी मुलगी. चिडलेला ग्राहक तिच्या आवाजाने निवळायचा. मी ऐकलं. हप्ता, मुदत, धन्यवाद. मला काहीच सापडलं नाही.

"पुन्हा ऐका. तिला नका ऐकू. मागे ऐका."

मागे दाराची कडी वाजली. मग फरशीवर चप्पल घासत आलेली पावलं. ती थांबली, अगदी जवळ. आणि त्या क्षणी वैशालीचा आवाज गोड झाला. फार गोड. मग एक बोथट आवाज, गादीवर जाड पुस्तक पडावं तसा. तिचं वाक्य एका श्वासापुरतं तुटलं आणि पुढे सुरू झालं, "तर सर, आपला हप्ता जमा झालेला आहे."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"नवरा आहे," सर म्हणाले. "हा पहिला कॉल नाही."

मी घरी जाऊन रागारागाने पत्रक लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक होतं ते. सरांनी या वेळी पेन काढलंच नाही.

"तिला विचारलंत?"

"काका, विचारायचं काय त्यात? मारतोय तो तिला!"

"हे छापलं, की धायरीत त्या घरात आधी कोणाच्या हातात पडेल?"

पत्रक त्यांनी घडी घालून मला परत दिलं.

विचारलं त्यांनीच. मार्क सांगायच्या फोनवर. तो फोनही रेकॉर्ड व्हायचा, त्यामुळे शब्द जपून.

"वैशालीताई, कॉल छान. फक्त मागे कोण आहे?"

"कोणी नाही सर. टीव्ही होता."

"काय लागलं होतं टीव्हीवर?"

"मालिका, सर."

"मोठ्या आवाजाची दिसते."

"हो सर. बंद करते सर."

फोन ठेवल्यावर काकूंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

त्याच सुमारास ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या आणि कंपनीने ठरवलं की घरून काम करणाऱ्या सगळ्यांना चांगले हेडफोन द्यायचे. कोणते घ्यायचे ते सरांनी तपासून सांगायचं. खोक्यातून तीन नमुने आले. गिअरबॉक्सनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना त्यांच्या कानासाठी विचारलं होतं. खोकं उघडताना ते लहान मुलासारखे दिसत होते.

पहिला स्वस्तातला होता, कान दुखवणारा. तो लगेच बाजूला गेला. दुसरा एका कानाचा. दुसरा कान उघडा राहायचा, आणि माइकमधून घर थोडं थोडं ऐकू जायचं. तिसरा भारी. दोन्ही कान झाकणारा, आणि माइक असा की तो बोलणाऱ्याचा आवाज तेवढा घेणार आणि बाकी सगळं गाळून टाकणार.

तपासणी स्वयंपाकघरात झाली. माझा लॅपटॉप ओट्यावर, सर स्टुलावर, तिसरा हेडफोन डोक्यावर.

"आता तू आवाज कर," ते काकूंना म्हणाले. "जोरात."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा म्हणतायत जोरात भांडी आपट म्हणून," काकू मला म्हणाल्या आणि त्यांनी मिक्सर लावला. एका हाताने ताट आपटायला लागल्या. सर शांतपणे ठरलेलं बोलत होते, नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो. काकू त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर येऊन ओरडल्या, "अहो, ऐकता का! गॅस संपलाय! घर पेटलंय! अहो!" सर जराही हलले नाहीत. शेवटी काकूंनी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते केवढ्याने दचकले. "अगं हळू, जीव जाईल माझा," म्हणाले. आम्ही तिघंही हसलो.

मग रेकॉर्डिंग लावलं.

त्यात सर होते. स्पष्ट, स्वच्छ. मागे काहीच नव्हतं. मिक्सर नव्हता, ताट नव्हतं. काकू नव्हत्या. मध्येच सर "अगं हळू" म्हणतात आणि हसतात, ते एका रिकाम्या खोलीत, कोणाशीच नाही.

काकू हसत हसत ऐकायला वाकल्या होत्या. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"हा नको," सर म्हणाले. त्यांनी हेडफोन काढून ओट्यावर ठेवला तो एखादा डबा झाकण न उघडता ठेवावा तसा. "आपल्याला तिचं घर ऐकू येणार नाही, ते एक. पण हा घातला की तिलासुद्धा ऐकू येणार नाही, मागून कोण येतंय ते."

लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये त्यांनी एका कानाचा हेडफोन सुचवला. कारण काय, मॅनेजरने विचारलं. वैशालीचं नाव घेता येत नव्हतं. "घरात एक कान उघडा असावा," एवढंच ते म्हणाले. "दूध उतू जातं."

मॅनेजर सभ्य तरुण होता. तो हसला. "सर, आपण ग्राहकाला आवाज देतो. घर नाही देत."

शेवटी ठरलं की ज्याला जो हवा तो मिळेल. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्याच दिवशी कळलं की तिसरा हेडफोन मागणाऱ्यांमध्ये पहिलं नाव वैशालीचं होतं.

सरांनी तिला फोन केला. या वेळी स्वतःच्या मोबाइलवरून, सुट्टीच्या वेळेत. मी समोर होते, फोन स्पीकरवर होता.

"ताई, एका कानाचा घ्या. माझं ऐका."

"नको सर."

"मला टीव्ही ऐकू येतो, ताई. कळतंय ना, काय म्हणतोय ते?"

ती बोलली, तेव्हा तो कॉलवरचा आवाज नव्हता. बारीक, कोरडा, घाईचा होता. "कळतंय सर. म्हणूनच सांगते. एक कान उघडा राहिला की मला त्याचं ऐकू येतं. मग माझा आवाज हलतो. मग मार्क जातात. ही नोकरी गेली तर माझ्याकडे काय राहतं? तो भारी हेडफोन घातला की निदान ड्यूटीभर तो नसतो, सर. मला नको ऐकायला तो."

"आणि मागून आला तर?"

"येणारच आहे तो. ऐकू आलं तर थांबतो का?"

मी तोंड उघडलं. सरांचा डावा हात वर गेला आणि मी थांबले.

"बरं," ते म्हणाले. "तो घ्या. पण एक करा. शेवटचं वाक्य तुम्ही कधी विसरत नाही. आणखी काही मदत हवी आहे का, ते. ज्या दिवशी ते विसराल, त्या दिवशी मी घरी येऊन विचारेन. चालेल?"

"लक्षात ठेवते सर."

त्यानंतर वैशालीचे कॉल निर्मळ झाले. कडी नाही, पावलं नाहीत. पैकीच्या पैकी मार्क. महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी म्हणून तिचा हसरा फोटो सगळ्यांना आला. सर मात्र तिचा प्रत्येक कॉल स्वतः ऐकायचे, डोळे मिटून, पुढे झुकून. मागचं ऐकू येईना म्हणून ते तिचे श्वास ऐकायचे. दोन शब्दांमधली जागा ऐकायचे. आणि शेवटी ती "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" म्हणाली की खुर्चीत मागे टेकायचे. मीही टेकायचे. तेवढ्यापुरता दिवस सुटायचा.

एका सकाळी ते टेकले नाहीत.

त्यांनी कॉल पुन्हा लावला. मग हेडफोन माझ्या कानावर ठेवला. गोड आवाज, स्वच्छ, मागे पूर्ण शांतता. हप्ता, मुदत, धन्यवाद. आणि कॉल बंद. ते वाक्य नव्हतं.

"आदल्या दिवशीचा आहे, काका," मी म्हणाले. आम्ही ऐकत होतो ते नेहमीच कालचं असायचं. आज तिचं काय झालं होतं ते आम्हाला उद्या कळणार होतं.

त्यांनी रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर घेतलं. ते नियमात बसत नव्हतं, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. स्कूटर काढली. येरवड्याहून धायरीपर्यंत सगळं शहर आडवं कापलं. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत एवढंच म्हणाले, "हॉर्न नका वाजवू रे," आणि तेही समोरच्या टेम्पोला.

आधी पोलीस चौकीत गेलो. एका महिला हवालदारांनी रेकॉर्डिंग मन लावून ऐकलं. दोनदा.

"यात काय आहे, काका? छान बोलतायत की ताई."

"मागे ऐका."

"मागे तर काहीच नाही."

"तेच," सर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "मागे आहे, बाई. मशीन खातं ते. ते आम्हीच दिलंय तिला."

मी टेबलावर मूठ आपटणार होते. माझ्या डोक्यात सगळी उद्गारचिन्हं गोळा झाली होती. पण त्या बाईंनी सरांकडे पाहिलं, टोपी उचलली आणि म्हणाल्या, "चला, बघून येऊ. काही नसलं तर चहा पिऊन परत."

दार नवऱ्याने उघडलं. नीटनेटका माणूस, इस्त्रीचा शर्ट.

"कोण पायजे?"

त्याच्या खांद्यावरून वैशाली दिसली. खिडकीजवळ टेबल, लॅपटॉप चालू, डोक्यावर तो भारी हेडफोन, भर उन्हाळ्यात गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. आमच्याकडे पाठ होती. दार उघडल्याचं, आम्ही बोलत असल्याचं तिला कळलंच नव्हतं. ती कोणालातरी गोड आवाजात सांगत होती की काळजी करू नका.

"कामात आहे ती," नवरा म्हणाला. "नंतर या."

सर आत गेले. त्याला बाजूला सारून नाही. जणू तो तिथे नव्हताच. ते टेबलाला वळसा घालून तिच्या समोर उभे राहिले, तिला दिसतील असे. तिने वर पाहिलं. तिने त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हळूच स्वतःच्या कानाला दोन बोटं लावली, तेव्हा तिने ओळखलं आणि हेडफोन उतरवला.

"आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" सरांनी विचारलं.

नवरा हसला. "हे काय, कॉल चालूय का?"

वैशालीने त्याच्याकडे पाहिलं. मग दारातल्या वर्दीकडे. मग पुन्हा सरांकडे.

"हो," ती म्हणाली.

ती आता बहिणीच्या गावी असते. काम करते. मला फोन करते, मोकळं बोलते, मागे बहिणीची पोरं कालवा करत असतात.

रेकॉर्डिंग बाहेर नेल्याबद्दल कंपनीने सरांना काढलं. "गिअरबॉक्स पास झाला, तपासनीस रिजेक्ट," ते गल्लीत सांगत फिरले. मी त्यांच्यासाठी पत्रक लिहिलं, छापलं, वाटलं. त्याने काही झालं नाही. त्यांची जागा भरली गेली नाही. आता कॉल एक प्रोग्राम ऐकतो. तो ठरलेली वाक्यं मोजतो आणि मार्क देतो, आणि हेडफोन सगळ्यांना तिसराच मिळतो. मी अजून तिथेच आहे. प्रोग्राम चुकला तर पाहण्यापुरते काही कॉल मला ऐकावे लागतात. सगळे स्वच्छ असतात. कुकर नाही, पोपट नाही, पावलं नाहीत. एवढी सगळी घरं, आणि एकातही कोणी नाही. मी ते ऐकते आणि मागे वळून पाहते.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. काही दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. "तुझ्या त्या लॅपटॉपवर ह्यांचा आवाज होता ना गं? स्वयंपाकघरातला?"

होता. मी ओट्यावर लॅपटॉप ठेवला, काकूंच्या कानांवर हेडफोन चढवला आणि लावलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्या गोंधळल्या.

"मी केवढ्याने ओरडत होते गं."

"हो काकू. मी होते ना तिथे."

"मग मी कुठे गेले यातून?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. काकूंनी डोळे मिटले, दोन बोटं हेडफोनवर दाबली आणि डावा हात वर केला.

मी थांबले.